जहाजाच्या तळाची खरवड

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाने जहाजांविषयी बोलावे, हे कुणाला जरा नवलाचेच वाटेल. आमच्याकडे पैनगंगा आहे, पूर्णा आहे. पण उन्हाळ्यात त्यांच्या पात्रातून बैलगाडी जाते, जहाज जात नाही. लोणारला सरोवर आहे, त्याचे पाणीही खारे आहे. पण तिथे बंदर नाही. असे असूनही दोन धाग्यांनी आमचा जिल्हा समुद्राशी बांधला गेला आहे. पहिला धागा सिंदखेडराजाचा. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे माहेर. त्यांच्या पुत्राने १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीवर गलबते बांधायला घेतली. मराठ्यांच्या आरमाराचा जन्म तो.

दुसरा धागा कापसाचा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या कापसाकडे डोळे लावले. खामगावची पेठ त्या दिवसांत भरभराटली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तेव्हा त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर होते. खामगावच्या गाठी मुंबईला जात आणि मुंबईहून लिव्हरपूलला. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला होईपर्यंत हा माल आफ्रिकेला वळसा घालून जाई. शिडाच्या जहाजाला त्या वाटेवर तीन-चार महिने सहज लागत.

जहाजाच्या पोटात काय माल होता, हे इतिहासाच्या पुस्तकांतून सापडते. शिडे किती होती, तोफा किती होत्या, हेही सापडते. पण त्याच्या तळाला काय चिकटले होते आणि ते कुणी खरवडून काढले, हे सहसा कुणी सांगत नाही. आज आपण नेमके तेवढेच पाहू.

कोणतीही वस्तू समुद्राच्या पाण्यात टाका. काही तासांत तिच्यावर बुळबुळीत थर धरतो. तो सूक्ष्म जंतूंचा असतो. त्यावर शेवाळ येते आणि मग येतो बारनॅकल नावाचा प्राणी. हा मोठा विचित्र जीव. लहानपणी पाण्यात मोकळा फिरतो. वयात येताना एखादा टणक पृष्ठभाग निवडतो, तिथे डोके टेकवून स्वतःला चिकटवून घेतो, भोवती चुन्याचे घर बांधतो, आणि उरलेला जन्म डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत पायांनी अन्न ओढत काढतो. चार्ल्स डार्विनने या प्राण्याच्या अभ्यासात सुमारे आठ वर्षे घालवली. पण डार्विनला ज्याचे कौतुक, त्याचा खलाशाला वैताग! तळावर अशी हजारो घरे बसली की गुळगुळीत तळाची किसणी होते. पाणी अडते, वेग घटतो, सुकाणू नीट ऐकत नाही.

लाकडी जहाजाला याहून मोठा शत्रू होता तो लाकूड पोखरणारा जहाजकिडा. नाव किड्याचे, जात मात्र शिंपल्याची. वरून पाहावे तर टाचणीएवढे भोक. आत फळीची चाळण. सागवान याला बराच टिकाव धरते, पण अमर नाही. म्हणून तळ वेळोवेळी पाण्याबाहेर काढणे, खरवडणे, भाजणे आणि त्यावर नवा लेप देणे, हे काम जगातल्या प्रत्येक दर्यावर्दी समाजाला करावेच लागले.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर या कामाचे वेळापत्रक पावसाळ्याने ठरवून दिले होते. आषाढ-श्रावणात समुद्र खवळलेला; होड्या वाळूवर ओढून घ्यायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या. हीच दुरुस्तीची वेळ. चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडायचे, सुक्या पाल्याचा जाळ दाखवून उरलेले भाजून काढायचे, फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासायची, वरून माशाचे तेल चोपडायचे. मोठ्या गलबतांना चुना आणि तेल घोटून केलेला लेप देत. चुना म्हटला की आपल्याला भिंत आठवते. पण इथे तो पाण्याखाली जाई, आणि त्याचे काम स्वतः गळून पडण्याचे असे. गळताना तो चिकटलेल्या जीवांनाही घेऊन जाई. पुढच्या हंगामात उरलासुरला लेप काढायचा आणि नवा द्यायचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात पावसाळ्यात आरमाराची छावणी कुठे आणि कशी करावी, याचाही विचार केलेला आहे. ज्यांनी तो केला, त्यांना समुद्र कळला होता असेच म्हटले पाहिजे.

होडी लहान असली तर चार माणसे ती उलटी करतात. पण मोठ्या जहाजाचे काय? ते भरतीला किनाऱ्यालगत आणायचे, तोफा नि माल उतरवायचा, डोलकाठीला दोर बांधून ते एका कुशीवर झुकवायचे. एक बाजू खरवडून झाली की दुसऱ्या कुशीवर. अशा स्थितीतल्या जहाजाला ना पळता येते, ना लढता. १४९८ च्या सप्टेंबरात वास्को द गामा परतीच्या वाटेवर कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबला, तो आपल्या जहाजांचे तळ साफ करण्यासाठीच. तिथे एक गृहस्थ गोड बोलत भेटीला आला. तो विजापूरच्या राज्याकडून टेहळणीसाठी आला आहे, असा पोर्तुगीजांना संशय आला. त्यांनी त्याला धरले, फटके मारले आणि पोर्तुगालला नेले. पुढे तोच गास्पार द गामा या नावाने त्यांचा दुभाषी झाला. एका परक्याच्या भेटीने एवढी घबराट का? कारण जहाज कुशीवर निजलेले होते!

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. ज्याच्याजवळ तळ खरवडायला सुरक्षित जागा, त्याचे आरमार टिकणार. आपल्या लोकांना हे समजले नव्हते असे कुणी म्हणू नये. विजयदुर्ग किल्ल्याच्या आतल्या बाजूस, वाघोटन खाडीवर, गिर्ये गावाजवळ मराठी आरमाराची गोदी आजही दिसते. सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद अशी ही जागा बहुतांशी अखंड खडक फोडून काढलेली आहे. भरतीला गलबत आत घ्यायचे, ओहोटीला त्याचा तळ उघडा पडायचा. पुढे किल्ला, मागे खाडी. शत्रूची नजरसुद्धा पोचू नये अशी जागा.

मुंबईत लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून आले आणि गोदीच्या कामाला लागले. १७५० साली तिथे दगडी सुकी गोदी बांधून झाली. सुकी गोदी म्हणजे दार असलेला हौद. भरतीला दार उघडून जहाज आत घ्यायचे, दार लावायचे, ओहोटीबरोबर पाणी सोडून द्यायचे आणि उरलेले उपसायचे. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत बारा-चौदा फुटांचा फरक पडतो, तो इथे उपयोगी पडला. मद्रासला तर त्या काळी धड बंदरच नव्हते. त्यामुळे हिंदी महासागरातल्या इंग्रजी युद्धनौकांना तळ साफ करायचा म्हणजे मुंबई गाठणे भाग पडू लागले. १७५५ च्या नोव्हेंबरात अ‍ॅडमिरल वॉटसनचा काफिला मुंबईला आला आणि १७५६ च्या फेब्रुवारीत पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना बांधून ठेवलेली आंग्र्यांची गलबते एका गोळ्याने लागलेल्या आगीत जळून गेली. या पराभवाची कारणे अनेक आहेत आणि त्यांवर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. पण त्यानंतरच्या अर्धशतकात मुंबईची गोदी वाढतच गेली, हा हिशोबही त्या पराभवाच्या शेजारी मांडून पाहिला पाहिजे.

आता तांब्याची गोष्ट. १७६१ साली इंग्रजांनी 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकले. दोनेक वर्षांनी पाहिले तर तळ स्वच्छ. किडा नाही, शिंपले नाहीत. सर्वांना आनंद झाला. पण बारकाईने पाहता निराळेच दिसले. तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे खाऊन गेले होते. काही पत्र्यांवर गुंडाळण्याचा तपकिरी कागद तसाच राहिला होता, आणि जिथे तो मध्ये आला होता तिथले लोखंड मात्र शाबूत. खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड एकमेकांना टेकले की लोखंड झिजते, हा धडा त्या कागदाने दिला. मग खिळेही तांब्याचे आणि मिश्रधातूचे आले आणि १७८० नंतर इंग्रजी आरमार तांब्याच्या तळाचे झाले.

मुंबईत वाडियांनी बांधलेल्या सागवानी जहाजांनाही हे तांबे लागे आणि ते विलायतेहून येई. १८१२ च्या डिसेंबरात 'जावा' नावाची इंग्रजी युद्धनौका ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या नौकेशी लढताना निकामी झाली. मुंबईच्या गोदीत बांधल्या जात असलेल्या 'कॉर्नवॉलिस' साठी पाठवलेले तांबे तिच्यावर होते, ते गेले. त्याच नौकेवर जनरल हिस्लॉप मुंबईला येत होता. तोही अमेरिकनांच्या हाती पडला, पुढे सुटला आणि १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांविरुद्ध इंग्रजी फौजेचा सेनापती म्हणून उभा राहिला. मुंबईच्या गोदीचे तांबे आणि होळकरांशी लढलेला सेनापती एकाच जहाजावर निघाले होते!

पण तांब्यावर शिंपले का बसत नाहीत? हे कोडे १८२४ साली हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगातून उलगडले, आणि तेही उलट्या बाजूने. पाण्यात तांबे झिजते म्हणून सरकारचा खर्च वाढत होता. डेव्हीने तांब्याला लोखंडाचे नि जस्ताचे तुकडे जोडले. तांब्याऐवजी ते झिजू लागले, तांबे वाचले. प्रयोग यशस्वी! आणि मग काय झाले? वाचलेल्या तांब्यावर शेवाळ आणि शिंपले धरू लागले. तेव्हा उमगले की तांब्याचे झिजणे हाच त्याचा गुण होता. झिजताना ते पाण्यात थोडे थोडे विरघळे आणि त्या विषाने जीव दूर राहत. झिज थांबली, की संरक्षणही संपले.

श्रोतेहो, आजच्या विषयाची किल्ली या प्रयोगात आहे. जहाजाच्या तळाचा लेप टिकण्यासाठी नसतो. तो हळूहळू संपण्यासाठीच लावलेला असतो. आणि जे संपते ते नाहीसे होत नाही, ते पाण्यात जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लोखंडी जहाजे आली आणि जुनी अडचण नव्याने उभी राहिली. लोखंडाला जहाजकिडा लागत नाही, पण शिंपले लागतातच. आणि लोखंडावर तांब्याचा पत्रा ठोकावा तर लोखंडच खाऊन जाते. 'अलार्म' चा धडा होताच. तेव्हा पत्र्याची जागा रंगाने घेतली. ज्या लिव्हरपूलला आमच्या कापसाच्या गाठी उतरत, त्याच शहरात १८६० च्या सुमारास तांब्याचे क्षार मिसळलेला, गरम करून लावायचा लेप निघाला. असे पुष्कळ लेप त्या काळात निघाले. कुणी पारा घाली, कुणी सोमल घाली. आधी लोखंड गंजू नये म्हणून शेंदराचा, म्हणजे शिशाचा हात, आणि त्यावर विषारी रंगाचा हात, अशी रीत पडली.

मग जुना रंग काढण्याचे काम सुरू झाले. 'जुन्यावरच नवा हात मारला तर काय बिघडले?' असे कुणी विचारील. बिघडते ते असे. रंगातले विष विरघळून गेले की मागे पोकळ, भुसभुशीत कवच उरते. मधमाशा उडून गेलेल्या पोळ्यासारखे. त्यावर नवा रंग दिला तर नवा रंग कवचाला चिकटतो, पण कवच जहाजाला चिकटून राहात नाही. काही महिन्यांत दोघांचे पापुद्रे सुटतात. शेणाने सारवलेली जमीन पोपडे धरू लागली की आपल्या घरातली बाई आधी पोपडे उकरते, मग सारवते. तेच शास्त्र इथे. म्हणून गोदीत जहाज आले की माणसे हाती लोखंडी पत्री आणि टोकदार हातोडी घेऊन तळाखाली शिरत. मान वर, हात वर, आणि खरवडलेला रंग तोंडावर. त्या धुळीत तांबे असे, शिसे असे, कधी पारा आणि सोमलही असे. जहाज बांधणाऱ्या वाडियांची नावे इतिहासात राहिली आणि ती राहायलाच हवीत. तळाखाली मान वर करून उभे राहिलेल्या माणसांचे नाव कुठे नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रंगात नवा घटक आला. तो कथिलाचे एक सेंद्रिय संयुग होते. त्याचे नाव ट्रायब्युटिल्टिन, थोडक्यात टी.बी.टी. जहाज चालता चालता हा रंग साबणाच्या वडीसारखा एकसारखा झिजे आणि सतत ताजा पृष्ठभाग पुढे येई. वर्षानुवर्षे तळ स्वच्छ राहू लागले, इंधन वाचले, जहाजमालक खूष झाले. पण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कालवांची पैदास कोसळली आणि त्यांची कवचे वेडीवाकडी होऊ लागली. समुद्रातल्या काही गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटू लागली आणि त्यांची वीण थांबली. याला किती विष पुरे होते? लिटरभर पाण्यात ग्रॅमचा एक-दोन अब्जांश भाग! फ्रान्सने १९८२ साली लहान नौकांवर या रंगाला बंदी घातली. २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अमलात आला. आपला किनाराही यातून सुटला नव्हता. गोव्यातल्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी आपल्याच दारातल्या उपसागरात हे संयुग शोधून काढले आहे.

त्या करारातले एक कलम आपल्या विषयाला धरून आहे. जहाजावर असा रंग असेल तर एक तर तो काढून टाका, नाहीतर त्यावर असा पक्का थर द्या की आतले विष बाहेर येणार नाही. म्हणजे नवा रंग थांबवणे सोपे, जुन्याचे काय करायचे हाच खरा प्रश्न होता. काढलेला रंग गोदीच्या फरशीवर पडला आणि भरतीबरोबर वाहून गेला, तर विष जहाजावर होते ते बंदरात गेले, एवढाच फरक. त्याने कुणाचे भले झाले?

म्हणून चांगल्या गोदीत आता जुना रंग कोरडा घासत नाहीत. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने तो सोडवतात. धूळ उडत नाही, आणि ते पाणी गटारात न सोडता गाळून घेतात. लहान होडी असेल तर खाली जाड कापड अंथरावे, रंग ओला करून खरवडावा, नाका-तोंडाला नुसता रुमाल न बांधता खरा मुखवटा लावावा, आणि पडलेली खरवड गोळा करून विषारी कचरा म्हणूनच तिची विल्हेवाट लावावी. ती जाळू तर मुळीच नये. यात अवघड काही नाही. फक्त वेळ आणि पैसा लागतो. आणि तो द्यायची वेळ आली की पहिली काटछाट नेहमी तळाखालच्या माणसाच्या मुखवट्यावर होते.

'आम्हाला काय त्याचे, आम्ही तर डोंगराळ मुलखातले,' असे माझ्या जिल्ह्यातले श्रोते म्हणतील. त्यांनी आपल्या जुन्या वाड्याच्या दाराकडे एकदा पाहावे. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर, दशलक्ष भागांत ९० भाग, अशी कायद्याची मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या कित्येक रंगांत शिसे भरपूर असे. दिवाळीच्या आधी ते दार कोरड्या काचकागदाने घासले की तीच धूळ ओसरीवर पडते, आणि तिथेच घरातले लहान मूल रांगत असते. शिसे मोठ्यांपेक्षा मुलांना अधिक बाधते. तेव्हा दार ओले करून घासा, मुलांना दूर ठेवा, खालचा चुरा ओल्या फडक्याने पुसून घ्या. रंगाऱ्याला तुम्ही आपण होऊन मुखवटा दिलात, तर तो नको म्हणणार नाही.

विजयदुर्गला जाण्याचा योग आला, तर किल्ला पाहून लगेच मागे फिरू नका. खाडीकाठाने गिर्येकडे जा आणि ती गोदी पहा. तिथे तोफ नाही, बुरूज नाही, पाटीवर लिहिण्याजोगा पराक्रमही नाही. खडकात खोदलेली एक जागा आहे. तिथे ओहोटीच्या वेळी माणसे उतरत आणि भरती यायच्या आत तळ साफ करून देत, म्हणून तर वर भगवा घेऊन गलबते समुद्रात जात.